'रेत समाधि': पुरस्काराच्या बातम्या पुष्कळ झाल्या, कादंबरीविषयी कोण बोलले?

पैलतीर

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' ही हिंदी कादंबरी राजकमल प्रकाशनाने 2018 साली प्रसिद्ध केली. डेझी रॉकवेल यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'टूम ऑफ सँड' या नावाने टिल्टेड ॲक्सिस प्रेस या लहानशा ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने 2021 मध्ये आणला आणि 26 मे 2022 रोजी लंडनमध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर झाला. भारतीय भाषेतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतरच्या काही आठवड्यांत या कादंबरीविषयी भरभरून छापून आले. तो मजकूर आज पुन्हा वाचायला घेतला, तर पुरस्काराची रक्कम 50,000 पौंड आहे, ती लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली जाते, लेखिकेचा जन्म मैनपुरीचा आहे आणि हिंदीला हा मान प्रथमच मिळाला आहे, यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ऐंशी वर्षांची एक आई पतीच्या निधनानंतर अंथरूण धरते आणि पुढे सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते, हे कथासूत्रही बहुतेक ठिकाणी जवळपास त्याच शब्दांत येते.

मे 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या अनुवादाला, 'हार्ट लॅम्प'ला, हाच पुरस्कार मिळाला, तेव्हा प्रसिद्धीची तीच तऱ्हा पुन्हा दिसली, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या गंभीर कादंबरीकडे माध्यमांचे लक्ष जाणे आणि तिची समीक्षा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर घडली की दुसरी घडलीच नाही, याची जाणीवही आपल्याला राहत नाही.

उदाहरणादाखल कादंबरीचा पहिलाच भाग घेऊ. कादंबरीचे तीन भाग आहेत: 'पीठ' (हिंदीत पाठ), 'धूप' (ऊन) आणि 'हद-सरहद'. 'पीठ' या भागात घटना म्हणावी असे फार थोडे घडते. आई घरच्या सगळ्यांकडे पाठ करून पडून राहते. मुलगा, सून, मुलगी, नातू आणि नोकरचाकर येऊन तिला उठवू पाहतात. ती भिंतीकडे अधिकाधिक सरकत जाते. पण लेखिका तेवढ्यावर थांबत नाही. घराचे दार काय पाहत आले आहे, भिंतीला काय जाणवते, थंडीचे दिवस एकत्र कुटुंबात कसे शिरतात, याविषयी निवेदन मन मानेल तिकडे वळते. मधूनच एखादे प्रकरण काही ओळींत संपते आणि त्याच्या पुढचे पानेच्या पाने चालते. परदेशातल्या नातवाने आणलेली फुलपाखरांची काठी हातात आल्यावर अंथरुणातली आई ती वर धरते आणि स्वतःला कल्पतरू म्हणवते, तेव्हा आधीच्या सगळ्या संथ पानांची गरज वाचकाच्या ध्यानात येते. इतका वेळ सगळ्यांनी तिला एक आजारी शरीर म्हणून पाहिले, वाचकानेही पाहिले, आणि आता त्याच शरीरातून एक वेगळीच बाई उठून उभी राहते.

हा संथपणा कादंबरीला पेलला आहे काय? निवेदनाच्या या आडवाटा अर्थपूर्ण आहेत, की लेखिकेला स्वतःच्या भाषेचा मोह आवरला नाही? विनोद आणि शोक एकाच वाक्यात आणण्याची तिची रीत तिसऱ्या भागातल्या फाळणीच्या आठवणींपर्यंत टिकते काय? समीक्षेने हे प्रश्न विचारायला हवे होते. माध्यमांनी त्याऐवजी विचारले की, इंग्रजीत न लिहिताही जागतिक मान मिळवता येतो काय. तो प्रश्न हिंदीच्या प्रतिष्ठेचा आहे, 'रेत समाधि'चा नाही.

आपल्यापैकी कोणी हे पुस्तक 2022 पूर्वी हिंदीत वाचले होते काय, आणि त्या वेळी त्याच्याविषयी काय बोलले जात होते, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

---

मुळाक्षर

मी हिंदीचे अध्यापन करतो आणि हे पुस्तक पुरस्कारापूर्वी वाचले होते. आपण म्हणता त्यात एक भर घालायला हवी. हिंदीच्या साहित्यविश्वात गीतांजली श्री हे नाव नवे मुळीच नव्हते. त्यांची 'बेलपत्र' ही कथा 1987 साली 'हंस' या हिंदी मासिकात आली होती, 'माई' ही कादंबरी 1993 ची आहे, आणि 'हमारा शहर उस बरस', 'तिरोहित' आणि 'खाली जगह' या कादंबऱ्या त्यानंतरच्या. 'माई'चा निता कुमार यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2000 साली आला आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. प्रेमचंदांवर त्यांचे संशोधनपर पुस्तक आहे. तेव्हा 2022 मध्ये त्यांची ओळख 'एक अनपेक्षित हिंदी लेखिका' अशी करून दिली गेली, तेव्हा माध्यमांनी तीन दशकांचे काम एका ओळीत गुंडाळले, असे मला वाटते.

मात्र हिंदीत सगळे काही आलबेल होते असेही नाही. 'रेत समाधि' वाचून बुचकळ्यात पडलेले चांगले वाचक मी पाहिले आहेत. वाक्ये मध्येच तुटतात, शब्दांच्या ध्वनींशी खेळ चालतो, कोण बोलत आहे हे काही पाने कळत नाही. पुरस्कारानंतर जे नवे वाचक आले त्यांतल्या अनेकांनी पुस्तक क्लिष्ट असल्याची तक्रार समाजमाध्यमांवर जाहीरपणे केली आणि त्यांना हिंदीतल्याच काही मंडळींनी अडाणी ठरवले. दोन्ही बाजूंचा उत्साह पुस्तकाबाहेरचा होता. ज्याला पुस्तक जड गेले, त्याने कोणत्या पानावर आणि का, हे सांगितले नाही; ज्याने त्याला अडाणी ठरवले, त्यानेही ते पान उघडून दाखवले नाही.

माझ्या वर्गात 'पीठ' या भागातील काही पाने मी मोठ्याने वाचून घेतो. मुले आधी हसतात, मग वाक्याचा श्वास कुठे घ्यायचा हे शोधू लागतात. ही कादंबरी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी वाचावी लागते, हे मला त्यातून उमगले, आणि एकाही बातमीत ते वाचल्याचे मला आठवत नाही. हिंदीच्या प्रदेशात घराघरांत बायका ज्या लयीत बोलतात, विषय सोडून देतात आणि पुन्हा पकडतात, ती लय या गद्याखाली आहे. ती ऐकू आली की 'आडवाटा' हा शब्द वापरावासा वाटत नाही.

---

थेम्सकाठ

मी लंडनला राहते, म्हणून इथल्या बाजूविषयी थोडे लिहिते. पुरस्कार जाहीर होईपर्यंत ब्रिटनमधल्या मोठ्या वृत्तपत्रांनी या पुस्तकाची जवळपास दखलच घेतलेली नव्हती. हे केवळ भारताविषयीच्या अनास्थेमुळे घडले असे मी म्हणणार नाही, जरी ती अनास्था नाकारता येत नाही. त्याची कारणे बरीचशी व्यवहारातली आहेत. वृत्तपत्रांतली पुस्तकांची पाने वर्षानुवर्षे आक्रसत आली आहेत. जी जागा उरते ती मोठ्या प्रकाशकांच्या, आधीच नाव झालेल्या लेखकांच्या पुस्तकांकडे जाते. टिल्टेड ॲक्सिस ही डेबोरा स्मिथ यांनी 2015 मध्ये सुरू केलेली, मुख्यतः आशियाई भाषांतील अनुवाद काढणारी छोटी संस्था आहे. सातशेहून अधिक पानांचा, प्रयोगशील, अपरिचित लेखिकेचा अनुवाद वाचून त्यावर लिहायला परीक्षकाला जो वेळ लागतो, त्याचा मोबदला कोणतेही वृत्तपत्र देत नाही.

त्या वर्षीच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष फ्रँक विन हे स्वतः अनुवादक आहेत. ब्रिटनचा भारतीय उपखंडाशी इतका जुना संबंध असूनही तिथल्या भाषांमधून इंग्रजीत फार थोडी पुस्तके येतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. लघुयादीत ओल्गा तोकार्चुक, यून फॉसे आणि मिएको कावाकामी यांच्यासारखी नावे होती आणि पहिल्या दोघांची चर्चा येथे आधीपासून होती. म्हणजे परीक्षकांनी जे वाचून ठरवले, ते वृत्तपत्रांनी वाचलेलेच नव्हते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी बातमी लिहिणाऱ्याकडे पुरस्काराच्या पत्रकाखेरीज दुसरे काय असणार? कथासूत्र सगळीकडे सारखे दिसते त्याचे कारण मला हेच वाटते.

याच अंगाने आणखी एक सांगावेसे वाटते. त्याच वर्षी 'टूम ऑफ सँड'ला अनुवादित स्त्रीसाहित्यासाठीचा वॉरिक पुरस्कारही एका स्वीडिश पुस्तकाबरोबर विभागून मिळाला. त्याची बातमी माझ्या परिचयातल्या भारतीय कुटुंबांपैकी कोणाच्याही कानावर नव्हती. तो पुरस्कार देणाऱ्यांनी पुस्तक तितक्याच गंभीरपणे वाचले होते, पण त्याच्यामागे प्रसिद्धीची मोठी यंत्रणा नव्हती.

---

शब्दवेध

धागाकर्त्यांच्या भूमिकेशी मी निम्माच सहमत आहे. पुरस्काराच्या बातमीत समीक्षा नसते, ही तक्रार बातमीविरुद्ध करण्यात अर्थ नाही. बातमीने एक काम चोख केले. ज्या वाचकाने हिंदीतली गंभीर कादंबरी विकत घेण्याचा विचारही केला नसता, त्याच्या हातात तिने ती दिली. आमच्या शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात हिंदीचे एकच कपाट आहे आणि त्यात बहुतांशी स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात; 2022 च्या उन्हाळ्यात 'रेत समाधि' तिथे दर्शनी भागात मांडलेली होती. 'हमारा शहर उस बरस' ही 1998 ची कादंबरी रॉकवेल यांच्याच अनुवादाने 2024 मध्ये इंग्रजीत आली. पुरस्कार मिळाला नसता तर ती आली असती, असे कोणी खात्रीने म्हणू शकेल काय? प्रसिद्धीचा लाभ मागच्या पुस्तकांपर्यंत पोहोचतो, हे मान्य करायला हवे.

उरलेले निम्मे असे. मला ही कादंबरी लांबलेली वाटली, आणि हे सांगण्याची सोय पुरस्कारानंतर उरली नाही, ही माझी खरी अडचण आहे. दुसऱ्या भागात आई मुलीच्या घरी राहायला जाते आणि रोझी या तृतीयपंथी मैत्रिणीबरोबर तिचे नवे जगणे सुरू होते. तो भाग मला सर्वोत्तम वाटला. एकटी, स्वतंत्र राहण्याचा अभिमान बाळगणारी मुलगी हळूहळू आईची आई होते, तिचे स्वतःचे घर तिला परके वाटू लागते आणि आई मात्र दिवसेंदिवस तरुण होत जाते, ही उलथापालथ फार बारकाईने आली आहे. पण तिसऱ्या भागात दोघी सीमेपार गेल्यावर कथेला एकाएकी घाई होते. आईच्या पूर्वायुष्याचे रहस्य उलगडते ते घटनांच्या साखळीतून, आणि पहिल्या भागातल्या निवेदनाचा जो धीर होता तो तिथे मला सापडला नाही. कावळ्यांच्या सभेसारखे प्रसंग कल्पक आहेत, तरी काही ठिकाणी ते आधीच्या प्रसंगांचीच पुनरावृत्ती करतात.

हे मत चुकीचे असेल. परंतु ते खोडून काढण्यासाठी कोणी पुस्तकातला दाखला दिला, तर मला आनंदच होईल. आतापर्यंत मला मिळालेले उत्तर 'जगाने मान्य केले आहे' एवढेच आहे.

---

पैलतीर

@शब्दवेध, आपण दिलेले उदाहरण हीच माझ्या मते समीक्षेची सुरुवात आहे, म्हणून त्याचे उत्तर पुस्तकातूनच देण्याचा प्रयत्न करतो.

तिसऱ्या भागातली घाई मलाही जाणवली, पण तिच्या आधी येणारा वाघा सीमेवरचा प्रसंग तुम्ही हिशेबात घेतला नाहीत, असे वाटते. तिथे संध्याकाळच्या संचलनाच्या गर्दीत फाळणीविषयी लिहिणारे लेखकच हजर होतात. मंटो आहेत, भीष्म साहनी आहेत, इंतिजार हुसेन आहेत, कृष्णा सोबती आहेत, आणि त्यांच्या कथांतली माणसेही तिथे वावरतात. कादंबरी येथे आपल्या पूर्वसूरींना बोलावून त्यांच्यासमोर उभी राहते आणि तिला जे सांगायचे आहे ते यांनी आधीच सांगून ठेवले आहे, हे मान्य करते. त्यानंतर फाळणीची कथा पुन्हा सविस्तर रचण्याची गरज लेखिकेला वाटली नाही, म्हणून पुढचे प्रसंग तुटक आणि वेगवान आहेत, असे मी वाचतो. आईला इथे इतिहास सांगायचा नाही, तिला एका माणसापर्यंत पोहोचायचे आहे, आणि ज्याला पोहोचायचे आहे तो वाटेत रेंगाळत नाही.

हे पुस्तक कृष्णा सोबतींना अर्पण केलेले आहे, ही गोष्टही मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. ज्यांनी सोबती वाचलेल्या नाहीत अशा वाचकाला वाघा सीमेवरचे प्रकरण केवळ चमत्कृती वाटेल. समीक्षकाने मध्ये उभे राहून दुवा जोडावा अशी हीच जागा होती. बातम्यांत मंटोचे नाव आले तेही 'फाळणीवरची कादंबरी' अशी चिठ्ठी पुस्तकावर डकवण्यापुरतेच.

पुनरावृत्तीविषयी आपले म्हणणे मला पटते. कावळ्यांचा पहिला प्रसंग जितका जिवंत आहे तितके नंतरचे नाहीत.

---

दुतोंडी_दिवा

मी व्यवसायाने अनुवादक आहे. आतापर्यंतच्या चर्चेत रॉकवेल यांचे नाव आले ते केवळ माहितीपुरते, म्हणून हे लिहीत आहे. त्यांनी याआधी उपेंद्रनाथ अश्क यांची 'गिरती दीवारें', भीष्म साहनी यांची 'तमस', खदीजा मस्तूर यांची 'आँगन' आणि कृष्णा सोबती यांची 'गुजरात पाकिस्तान से गुजरात हिंदुस्तान' ही पुस्तके इंग्रजीत नेली होती. म्हणजे वाघा प्रकरणात जे लेखक पात्रे म्हणून येतात, त्यांतल्या दोघांचे साहित्य या अनुवादिकेने स्वतःच्या हाताने उतरवून काढलेले आहे. इतक्या तयारीने या पुस्तकाकडे येणारी दुसरी व्यक्ती इंग्रजीला सहजासहजी मिळाली नसती.

अनुवाद झालेल्या कादंबरीची समीक्षा करताना माध्यमांची दोन टोके दिसतात. एक तर अनुवादाचा उल्लेख 'ओघवता' या एका विशेषणात आटोपतात, किंवा एखादे चुकलेले वाक्य पकडून सगळा अनुवादच मोडीत काढतात. हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन'ला 2016 साली हा पुरस्कार मिळाल्यावर डेबोरा स्मिथ यांच्या अनुवादाविषयी असाच मोठा वाद कोरियात आणि इंग्रजीतही झाला. 'टूम ऑफ सँड'च्या बाबतीत वाद झाला नाही, पण चर्चाही झाली नाही. रॉकवेल यांनी पुष्कळसे हिंदी-उर्दू शब्द आणि ओळी तशाच ठेवल्या आहेत आणि जिथे मूळ खेळ इंग्रजीत चालत नव्हता तिथे इंग्रजीतला दुसरा खेळ योजला आहे. हे धाडस कुठे साधले आणि कुठे फसले, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या भारतीय परीक्षकांनी सांगायला हवे होते. इंग्लंडमधल्या परीक्षकाला ते सांगता येणारच नव्हते. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून लिहिलेले परीक्षण मला तरी क्वचितच आढळले.

सप्टेंबर 2021 मध्ये अनुवादकांचे नाव मुखपृष्ठावर असावे यासाठी जेनिफर क्रॉफ्ट आणि मार्क हॅडन यांच्या पुढाकाराने एक खुले पत्र निघाले होते. टिल्टेड ॲक्सिससारख्या संस्था ही काळजी घेतात. आपल्याकडे मराठीत अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर बहुधा असते, ही चांगली परंपरा आहे. परीक्षणात मात्र त्या नावाला दुसरे वाक्य मिळत नाही.

---

निरंजन_घाट

प्रसिद्धीचा आणखी एक परिणाम कोणी मांडला नाही. जुलै 2022 च्या अखेरीस आग्र्यात लेखिकेच्या सत्काराचा कार्यक्रम होणार होता. कादंबरीतल्या शिव-पार्वतीविषयीच्या मजकुराने भावना दुखावल्याची तक्रार हाथरस जिल्ह्यात पोलिसांकडे झाली आणि आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. पुस्तक 2018 पासून उपलब्ध होते आणि चार वर्षांत त्या ओळींवर कोणाचा आक्षेप गाजला नव्हता. पुस्तक न वाचता त्याची स्तुती करणारा वाचक आणि पुस्तक न वाचता त्यावर तक्रार करणारा वाचक एकाच प्रकारच्या प्रसिद्धीतून निर्माण होतात, असे मला वाटते. दोघांपर्यंत पोहोचतो तो कादंबरीचा एक तुकडा.

आणि त्या तुकड्याविषयीही समीक्षकांनी बोलायला हवे होते. या कादंबरीत देव, पक्षी, दारे आणि भिंती, सगळेच घरातल्या माणसांच्या बोलीत येतात. आपल्या अभंगांत आणि ओव्यांत विठ्ठलाला जनाबाईच्या बरोबर दळायला बसवले जाते आणि त्याच्याशी भांडणही काढले जाते. त्याला कोणी अवमान म्हणत नाही. कोणत्या सुरात काय म्हटले आहे हे समजावून सांगणारे चार लेख त्या आठवड्यात आले असते, तर तक्रार थांबली असती असे नाही, पण वाचकाला स्वतःचे मत बनवायला आधार मिळाला असता. आले ते 'वाद पेटला' अशा स्वरूपाचे मथळे.

---

कर्दळीवन

मराठीचा संदर्भ काढल्याशिवाय ही चर्चा आपल्यापुरती पुरी होत नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी 1963 साली आली. तेव्हा महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती, पुरस्काराच्या लघुयाद्या नव्हत्या आणि लेखक पंचविशीतला होता. तरीही त्या कादंबरीने वाद उभा केला तो कादंबरीविषयीच. पांडुरंग सांगवीकरचे निवेदन, त्यातला तुटलेपणा, वसतिगृहातली पाने, मनूच्या मृत्यूचे प्रकरण, यांवर लोकांनी बाजूने आणि विरुद्ध लिहिले. 1979 मध्ये बाबा भांड यांनी संपादित केलेला 'कोसलाबद्दल' हा लेखांचा संग्रह निघाला. एका कादंबरीविषयीच्या लेखांचे स्वतंत्र पुस्तक व्हावे, ही त्या काळातल्या लघुनियतकालिकांची आणि वाचकांची कमाई होती. सुधाकर मराठे यांचा इंग्रजी अनुवाद 'ककून' या नावाने 1997 मध्ये आला, तोवर मराठीतली चर्चा तीस वर्षे जुनी झाली होती. इंग्रजीने मान्यता दिल्यावर आपण वाचायला लागलो, असे तिच्या बाबतीत घडले नाही.

दुसरीकडे किरण नगरकर यांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'चे उदाहरण आहे. 1974 साली आलेल्या या कादंबरीने मराठी गद्यात जे केले त्याचे मोल जाणकारांना उमगले होते, पण तिला मोठा वाचकवर्ग तेव्हा मिळाला नाही, आणि नगरकर पुढे इंग्रजीकडे वळले. त्यांची 'ककल्ड' 1997 मध्ये आली आणि 2000 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना इंग्रजीसाठी मिळाला. म्हणून जुन्या काळी सगळी समीक्षा उत्तम होती, असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा इतकाच आहे की, 'कोसला'ला जे मिळाले ते 'रेत समाधि'ला हिंदीत अजून मिळायचे आहे, आणि ते मिळायला पुरस्कारानंतरची दहा-पंधरा वर्षे जावी लागतील. बातमीचा आठवडा संपला म्हणून समीक्षेची वेळ संपली असे मानण्याचे कारण नाही.

---

शब्दवेध

@पैलतीर, वाघा प्रकरणाविषयीचा आपला मुद्दा मी पुस्तक काढून पुन्हा तपासला. पूर्वसूरींच्या उपस्थितीनंतर कथन आटोपशीर होते, हे वाचन मला मान्य आहे. तरी खैबरकडे जाणाऱ्या प्रवासातले अधिकाऱ्यांचे संवाद मला अजूनही सपाट वाटतात. आईच्या उत्तरांत जी गंमत आणि जरब आहे, तिच्यापुढे उभे करायला लेखिकेला तितक्याच वजनाची माणसे हवी होती. इतरत्र दारालाही व्यक्तिमत्त्व देणारी लेखणी येथे माणसांना नुसते पद देऊन मोकळी होते.

@कर्दळीवन, 'कोसला'ची तुलना योग्य आहे, पण एक फरक लक्षात घ्यावा. तिथे पहिला वाद समवयस्क लेखकांनी आणि विद्यार्थ्यांनी घातला, कारण पुस्तक त्यांच्या जगण्याविषयी होते. 'रेत समाधि'ची नायिका ऐंशी वर्षांची आहे. तिच्या वयाच्या वाचक स्त्रियांनी या कादंबरीविषयी काय म्हटले, हे कोणत्याही माध्यमाने विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.

---

थेम्सकाठ

शब्दवेध यांच्या शेवटच्या वाक्याला धरून सांगते. माझ्या सासूबाई या वयाच्या आसपासच्या आहेत, त्यांचे शिक्षण नागपूरला हिंदी माध्यमात झाले आणि त्यांनी ही कादंबरी मूळ हिंदीतूनच वाचली. पहिल्या भागाला कंटाळवाणे म्हणणाऱ्यांचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यांच्या मते त्यातली सर्वांत खरी गोष्ट ही आहे की, घरातले सगळे आईशी बोलत असतात, पण कोणीही तिला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत नाही. आई पाठ करते तेव्हा प्रथमच सगळ्यांना थांबावे लागते, म्हणून तो भाग तेवढाच लांब हवा, असे त्यांनी मला सांगितले. सुनेचे पात्र मात्र त्यांना एकांगी वाटले. घर चालवणाऱ्या बाईच्या वाट्याला लेखिकेने थट्टाच अधिक दिली, असे त्यांचे मत आहे.

---

मुळाक्षर

सुनेविषयीचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्यासाठी 'माई' शेजारी ठेवून वाचावी असे मी सुचवेन. तिथे घर चालवणारी, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी स्त्री केंद्रस्थानी आहे आणि तिची मुलगी तिला त्या घरातून सोडवू पाहते; आपण जिला दुबळी समजत होतो ती तशी नव्हती, हे मुलीला फार उशिरा कळते. 'रेत समाधि'तल्या आई आणि मुलीच्या नात्याची पहिली मांडणी तिथे आहे. पंचवीस वर्षांनी लेखिकेने तोच प्रश्न उलट बाजूने घेतला, तेव्हा घर सांभाळणाऱ्या स्त्रीविषयीची तिची सहानुभूती कमी झाली की तिने ती दुसरीकडे वळवली, हे दोन्ही पुस्तके वाचलेल्यांनी येथे लिहावे. ग्रंथालयात हिंदी प्रत मिळत नसेल, तर निता कुमार यांच्या इंग्रजी अनुवादाने काम भागेल.